इन्स्टाग्रामची चौकट उभी झाली: जुनं पेज नव्या मांडणीत कसं बसवायचं

मावसबहिणीचा फोन आला तेव्हा ती पेजवरच्या निम्म्या पोस्ट काढून टाकायच्या बेतात होती. ती घरूनच पैठण्या विकते. इन्स्टाग्रामवर तिचं पेज आहे, त्यावर सहा वर्षांचे फोटो आहेत आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक फोटो चौरस. इन्स्टाचा फोटो चौरसच असतो, हे शिकली तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता प्रोफाइल उघडलं की सगळ्या चौकटी उभ्या. एका पोस्टवर तिने मोठ्या अक्षरांत 'अस्सल पैठणी' लिहिलं होतं. तिथे सुरुवातीचा 'अ' कापला गेलेला, शेवटची 'णी' गेलेली आणि मधे उरलेलं 'स्सल पैठ'. ती म्हणाली, "गिऱ्हाईक आधी हेच बघणार ना गं? सगळं काढते आणि नव्याने टाकते."

काढू नकोस, असं मी तिला सांगितलं आणि पुढचे दोन रविवार आम्ही दोघी तिच्या पेजवर बसलो. शेवटी बारा पोस्टना हात लावावा लागला, बाकी सगळ्या जशाच्या तशा राहिल्या. ते काम ज्या क्रमाने केलं, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. तुमचं पेज साड्यांचं असो, फराळाचं असो, सुलेखनाचं असो की नुसतं भटकंतीचं, क्रम हाच ठेवा.

आधी हे समजून घ्या: फोटो तोच आहे, खिडकी बदलली

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा फक्त चौरस फोटो टाकता येत असे. ऑगस्ट २०१५ पासून उभे आणि आडवे फोटोही चालू लागले. पण प्रोफाइलवर तीन-तीनच्या ओळींत जे छोटे फोटो दिसतात, त्या ग्रिडच्या चौकटी चौरसच राहिल्या. उभा फोटो टाकला तरी ग्रिडवर त्याचा मधला चौरस तुकडाच दिसायचा. जानेवारी २०२५ मध्ये ही चौकट उभी झाली. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी तेव्हा कारण सांगितलं ते असं, की आज लोक जे टाकतात त्यातलं बहुतांश उभंच असतं आणि ते चौरसात कापणं त्यावर अन्याय करणारं आहे. मे २०२५ पासून ३:४ मापाचा फोटोही न कापता टाकता येऊ लागला.

म्हणजे आता ग्रिडची चौकट ३:४ आहे. रुंदी तीन भाग, तर उंची चार भाग. तुमची मूळ पोस्ट यात बदललेली नाही. कुणी छोट्या फोटोवर बोट ठेवून पोस्ट उघडली, की पूर्वीचाच अख्खा फोटो दिसतो. तो पुसला गेलेला नाही, कापून साठवलेलाही नाही. फक्त बाहेरून डोकावायच्या खिडकीचा आकार बदलला आहे. हे एकदा मनात नीट बसलं की घाईघाईने पोस्ट उडवण्याची ऊर्मी आपोआप ओसरते.

जुनी चौरस मांडणी परत आणण्याचं बटण अॅपमध्ये नाही. 'जुनं ग्रिड परत मिळवून देतो' असं सांगून कुणी तुमचा पासवर्ड मागत असेल, तर तो देऊ नका. ज्या पेजवर तुमचं घर चालतं, त्याची किल्ली अशी कुणाच्या हाती द्यायची नसते.

कुठल्या फोटोचं किती जातं, ते मोजा

हे गणित एकदा कागदावर मांडा. पुढची सगळी कामं त्यावरच उभी आहेत.

चौरस फोटो १०८० बाय १०८० पिक्सेलचा धरा. उभ्या चौकटीत त्याची उंची पूर्ण बसते, पण रुंदीतले मधले ८१० पिक्सेलच दिसतात. डावीकडून १३५ आणि उजवीकडून १३५ जातात. म्हणजे फोटोचा एक चतुर्थांश भाग बाहेर. 'अस्सल पैठणी'चा 'अ' आणि 'णी' याच १३५ पिक्सेलमध्ये होते.

४:५ मापाची उभी पोस्ट, म्हणजे १०८० बाय १३५० पिक्सेल. गेली काही वर्षं बहुतेक जण हेच माप वापरतात. हिचं फार काही बिघडत नाही, दोन्ही बाजूंनी जेमतेम ३४ पिक्सेल जातात. पण इथे एक अडचणीची गोष्ट झाली आहे. पूर्वी अशा पोस्टचे वरचे १३५ आणि खालचे १३५ पिक्सेल ग्रिडवर दिसत नसत. त्यामुळे अनेकांनी फोन नंबर, तारीख, 'ऑर्डर बंद' अशा सूचना त्या खालच्या पट्टीत टाकल्या होत्या. आता ती पट्टी ग्रिडवर दिसते. बहिणीच्या पेजवर दोन वर्षांपूर्वीची 'दिवाळी सवलत १५ ऑक्टोबरपर्यंत' ही ओळ अचानक पहिल्या पानावर झळकत होती. तिच्या तर ती लक्षातही राहिली नव्हती.

रील १०८० बाय १९२० पिक्सेलची. ग्रिडवर तिच्या कव्हरचा (दर्शनी चित्राचा) मधला १०८० बाय १४४० भाग दिसतो, वरचे २४० आणि खालचे २४० जातात. पूर्वी वरून-खालून ४२०-४२० जायचे, म्हणजे रीलवाल्यांचा यात फायदाच झाला.

सगळ्यात मोठा मार बसतो तो आडव्या फोटोंना. १०८० बाय ५६६ पिक्सेलच्या आडव्या फोटोतले मधले सव्वाचारशे पिक्सेलच उरतात, साठ टक्के फोटो चौकटीबाहेर. तुम्ही हरिश्चंद्रगडावरून कोकणकड्याचा अख्खा वक्र फोटोत धरला असेल, तर ग्रिडवर त्यातला एक सुळका आणि थोडं आकाश एवढंच दिसेल. ज्याने तो कडा पाहिलेला नाही, त्याला हा फोटो कशाचा आहे ते कळणारच नाही.

आकड्यांचा कंटाळा येत असेल तर दुसरा सोपा उपाय आहे. फोनमधल्या फोटो-एडिटरमध्ये तुमचा मूळ फोटो उघडा, काप देण्याच्या (क्रॉप) पर्यायात ३:४ हे उभं माप निवडा आणि चौकट मधोमध ठेवा. जे दिसेल तेच ग्रिडवर दिसणार. बघून झालं की सेव्ह न करता बाहेर या.

पहिली पायरी: स्वतःचं पेज दुसऱ्याच्या फोनवर बघा

आपल्या फोनवर आपलं पेज बघताना डोळे आपोआप माहीत असलेलं भरून काढतात. 'स्सल पैठ' मलाही आधी 'अस्सल पैठणी' असंच वाचलं गेलं होतं. म्हणून ज्याने तुमचं पेज कधी उघडलेलं नाही अशा कुणाचा तरी फोन घ्या. शेजारच्या काकू, कॉलेजातला भाचा, कुणीही. त्यांना सांगा, पेज उघडा, पाच सेकंद बघा आणि फोन बाजूला ठेवा. मग विचारा, काय विकतात इथे? कुठला फोटो लक्षात राहिला? काय अर्धवट वाटलं?

आम्ही हे बहिणीच्या सासूबाईंबरोबर केलं. त्या म्हणाल्या, "साड्या आहेत हे कळलं, पण पैठणी आहे हे कुठे दिसलं?" खरंच होतं. पदरावरचे मोर आणि नारळी काठ बहुतेक फोटोंत कडेला होते आणि कडाच गेलेल्या. मधे राहिला होता तो साडीचा साधा अंगाचा भाग. रेशमी, सुंदर, पण कुठल्याही साडीचा वाटावा असा.

या पाच सेकंदांनंतर प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या. पहिला पडदा, मग थोडं खाली सरकवून दुसरा. याच स्क्रीनशॉटवर पेनसारख्या साधनाने खुणा करा. अक्षर कापलेल्या पोस्टवर एक खूण, वस्तूच न दिसणाऱ्या पोस्टवर दुसरी, जुनी सूचना वर आलेल्या पोस्टवर तिसरी. बाकीच्या पोस्टना खूण नाही, म्हणजे त्यांना हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: फक्त पहिल्या चार ओळी धरा

प्रोफाइलवर येणारा माणूस सहसा पहिल्या दोन-तीन ओळी बघून ठरवतो, थांबायचं की निघायचं. सहा वर्षांच्या सगळ्या पोस्ट नीट करायला बसलात तर दुसऱ्याच दिवशी हात टेकाल. पहिल्या चार ओळी, म्हणजे बारा पोस्ट. एवढंच काम अंगावर घ्या. नव्या पोस्ट येत राहतील तशा जुन्या आपोआप खाली सरकतील.

याच कारणासाठी, जुन्या चौरस पोस्ट काढून नव्या मापात पुन्हा टाकण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. त्या पोस्टवर लोकांनी लिहिलेलं आहे, 'मुलीच्या लग्नाला घेतली, सगळ्यांनी विचारलं कुठून आणली' असं. डिलीट केलंत तर ते शब्दही जातात. दहा रुपयांच्या चौकटीसाठी हजाराचा शेला फाडण्यासारखं आहे ते.

आणि चुकून डिलीट केलीच असेल, तर घाबरू नका. 'नुकतंच डिलीट केलेलं' या कप्प्यात ती ३० दिवस राहते आणि तिथून परत आणता येते. बहिणीने फोन करायच्या आधीच दोन पोस्ट उडवल्या होत्या, त्या अशाच परत आणल्या. एखादी पोस्ट खरोखरच दिसायला नको असेल, तर तिला अर्काइव्हमध्ये टाका. तिथे ती फक्त तुम्हाला दिसते, लाइक आणि प्रतिक्रिया तिच्यासोबत शाबूत राहतात आणि मनात आलं की पुन्हा प्रोफाइलवर आणता येते. ती दिवाळी सवलतीची पोस्ट आम्ही तिथेच ठेवली.

तिसरी पायरी: छोट्या फोटोची जागा सरकवा

हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे आणि बहुतेकांना हा पर्याय माहीतच नसतो. ग्रिडवर फोटोचा कुठला भाग दिसावा, हे पोस्ट टाकून झाल्यानंतरही बदलता येतं. प्रोफाइलवरचा छोटा फोटो दाबून धरा किंवा पोस्ट उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा. यादीत प्रिव्ह्यू जुळवण्याचा पर्याय असतो, इंग्रजी अॅपमध्ये त्याला 'अॅडजस्ट प्रिव्ह्यू' म्हणतात. अॅप बऱ्याच दिवसांत अपडेट केलं नसेल तर आधी ते करून घ्या. मग फोटो बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवा, हवा तो भाग चौकटीत आणा आणि सेव्ह करा. मूळ पोस्टला यात धक्का लागत नाही, फक्त खिडकी सरकते.

सरकवताना काय मधे आणायचं, हे ठरवायला लागतं. आमच्यासमोर मोरपंखी रंगाच्या पैठणीचा एक चौरस फोटो होता. डावीकडे घडी घातलेली साडी, उजवीकडे उलगडलेला पदर, पदरावर चार मोर. मधोमध चौकट ठेवली की अर्धी घडी आणि दीड मोर दिसत होते. बहीण म्हणाली, साडी पूर्ण दिसायला हवी. मी म्हटलं, साडी कुठल्याही फोटोत पूर्ण दिसते, मोर फक्त तुझ्याकडे आहेत. चौकट पार उजवीकडे नेली. घडी गेली, चारही मोर आले, जरीचा पिवळा धागा स्पष्ट दिसू लागला. सासूबाईंना पुन्हा दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, "ही पैठणी."

तुमच्या बाबतीतही हाच प्रश्न स्वतःला विचारा. या फोटोत असं काय आहे, जे दुसऱ्याच्या पेजवर नसेल? चकलीच्या ताटात तो चकलीचा काटा असेल, अनारशावर खसखस असेल, मूर्तिकाराच्या फोटोत गणपतीचे डोळे असतील. ते मधे आणा, बाकीचं गेलं तरी चालेल. हो, पेणच्या मूर्तिकारांसारखं ज्यांचं काम मुळातच उभं आहे, त्यांना या बदलात जवळजवळ काहीच करावं लागत नाही. त्यांच्या मूर्तीचा मुकुट पूर्वी चौरसात कापला जायचा, तो आता पूर्ण दिसतो.

अक्षरं फोटोच्या पूर्ण रुंदीभर पसरलेली असतील, तर सरकवून उपयोग होत नाही, एक बाजू वाचवली की दुसरी जाते. अशा वेळी फोटो पूर्ण बसवण्याचा पर्याय घ्या. तो घेतला की अख्खा चौरस चौकटीत मावतो आणि वर-खाली रिकामी पट्टी राहते. एखाद-दुसऱ्या पोस्टला हे ठीक दिसतं. सलग सहा पोस्टना केलंत तर ग्रिड खिडकीला पडदे लावल्यासारखं वाटू लागतं, म्हणून जपून.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टाकून झालेल्या पोस्टमधला फोटोच बदलून दुसरा लावता येत नाही. मजकूर बदलता येतो, खिडकी सरकवता येते, फोटो नाही. अनेक फोटोंच्या पोस्टमध्ये ग्रिडवर पहिला फोटो दिसतो, तेव्हा यापुढे अशी पोस्ट टाकताना पहिला फोटो कुठला हे विचार करून ठरवा.

चौथी पायरी: रीलची कव्हरं

रीलचं कव्हर मात्र नंतरही बदलता येतं, आणि हे फार सोयीचं आहे. रील उघडा, तीन ठिपके, एडिट आणि मग कव्हर. तिथे व्हिडिओतला दुसरा क्षण निवडता येतो किंवा गॅलरीतून वेगळं चित्र लावता येतं. प्रोफाइलवर कुठला भाग दिसावा, तेही तिथेच ठरवता येतं.

कव्हर स्वतः बनवत असाल तर १०८० बाय १९२० चं घ्या, पण मजकूर आणि चेहरा मधल्या १४४० पिक्सेलमध्ये ठेवा, म्हणजे वरून २४० आणि खालून २४० मोकळे. रील्सच्या वेगळ्या कप्प्यात कव्हर जास्त उंच दिसतं, ग्रिडवर कमी; मधल्या भागात ठेवलेलं दोन्हीकडे वाचतं. कोपरेही मोकळे ठेवा. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात रीलचं, अनेक फोटोंचं किंवा पिनचं (वर टाचून ठेवलेल्या पोस्टचं) चिन्ह येतं. रील्सच्या कप्प्यात डावीकडे खाली किती वेळा पाहिलं त्याचा आकडा येतो. बहिणीने किंमत नेमकी त्याच कोपऱ्यात लिहायची सवय लावून घेतली होती, त्यामुळे दोन आकडे एकमेकांवर चढायचे.

एखाद्या रीलचं कव्हर काही केल्या जमत नसेल, तर ती रील फक्त ग्रिडवरून काढता येते. रील्सच्या कप्प्यात ती राहतेच.

पाचवी पायरी: नवा साचा आणि त्यात मराठी अक्षरं

जुनं सावरून झालं की पुढचं नीट मांडायचं. कॅनव्हा हे डिझाइनचं अॅप किंवा तुम्ही जे काही वापरता, त्यात १०८० बाय १४४० पिक्सेलचा नवा साचा करा. या मापाची पोस्ट ग्रिडवर न कापता दिसते आणि उघडल्यावरही तशीच. फोन उभा धरून साध्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बहुतेक फोनमध्ये मुळातच ३:४ असतो, त्याला तर कापायचीही गरज नाही. ४:५ चे जुने साचे भरपूर असतील तर ते फेकू नका. फक्त डाव्या-उजव्या कडेपासून ८० पिक्सेल मोकळे ठेवण्याची रेघ त्यात आखून घ्या. ३४ जाणार, बाकीचे श्वास घ्यायला.

आता अक्षरांचं. हे मला विशेष सांगायचं आहे, कारण साच्यांचे सल्ले बहुधा रोमन लिपी समोर ठेवून दिलेले असतात आणि देवनागरीला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

फोनच्या पडद्यावर तीन फोटो शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे एका छोट्या फोटोच्या वाट्याला सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास रुंदी येते. तुमच्या साच्यातले १०८० पिक्सेल तेवढ्यात आवळले जातात. हिशेब करा: साच्यावरचे १०० पिक्सेल म्हणजे ग्रिडवर जेमतेम दोन मिलिमीटर. रोमन अक्षर दोन मिलिमीटरात वाचता येतं. देवनागरीत त्याच दोन मिलिमीटरांत वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, रुकार हे सगळं मावायचं असतं. अक्षराच्या मूळ अंगाला उरतो त्यातला निम्मा. म्हणून ग्रिडवर वाचता यावा असा मराठी शब्द १५० पिक्सेलच्या खाली घेऊ नका. आणि मग साहजिकच चौकटीत दोन-तीन शब्दच मावतात. तेवढेच ठेवा. 'कॉटन पैठणी' पुरे. 'खास लग्नसराईसाठी हातमागावर विणलेली कॉटन पैठणी' हे खाली मजकुरात लिहा.

दोन ओळींमध्ये जागा सोडायला विसरू नका. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकला की छोट्या फोटोत नुसता गुंता दिसतो. 'कु' च्या खाली 'र्की' आला की काय होतं ते एकदा करून बघा. फॉन्ट ठसठशीत घ्या. मुक्त, बलू हे फॉन्ट मोफत मिळतात आणि लहान आकारातही टिकतात. केसासारख्या बारीक रेषांचे, लफ्फेदार फॉन्ट मोठ्या बॅनरवर शोभतात, सव्वादोन सेंटिमीटरात त्यांची शिरोरेषाच उरते.

शिरोरेषेचीच आणखी एक गोष्ट. रोमन शब्दाचं टोक कापलं तर उरलेली अक्षरं सुटी असल्यामुळे शब्द कापला आहे हे लगेच कळतं. मराठी शब्द कापला तर रेषा थेट कडेपर्यंत जाते आणि शब्द पुढे चालू आहे की इथेच संपला, ते समजत नाही. 'सवलत' कापून 'वल' उरलं की वाचणारा अडखळतो आणि पुढे निघून जातो. म्हणून मराठी मजकुराला कडेचं अंतर रोमनपेक्षा जास्तच हवं.

नऊ तुकड्यांचं चित्र ज्यांनी लावलं होतं, त्यांच्यासाठी

सुलेखनकार, चित्रकार, लग्नाचे फोटो काढणारे, यांच्यापैकी कितीतरी जणांनी एकच मोठं चित्र नऊ चौरसांत कापून प्रोफाइलवर जोडलेलं होतं. त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं, आणि त्यांच्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडांचा आठवा-आठवा हिस्सा गेल्यामुळे सांध्यावर रेषा जुळत नाहीत. अक्षराचा फराटा एका चौकटीत थांबतो आणि पुढच्या चौकटीत भलतीकडूनच सुरू होतो. इथे खिडकी सरकवून काही साधत नाही.

मूळ फाइल असेल तर चित्र ३२४० बाय ४३२० पिक्सेलच्या कागदावर नव्याने मांडा आणि १०८० बाय १४४० चे नऊ तुकडे करा. मूळ चित्र चौरस असेल तर वर-खाली वाढीव जागा लागेल. सुलेखनात ती मोकळी सोडलेली उलट छान दिसते. जुने नऊ अर्काइव्हमध्ये टाका. नवे टाकताना उलट्या क्रमाने टाका, आधी उजवीकडचा सगळ्यात खालचा, शेवटी डावीकडचा सगळ्यात वरचा. त्यानंतर पोस्ट तीन-तीनच्या गटानेच टाकाव्या लागतील, नाहीतर एका पोस्टने अख्खं चित्र एक घर सरकतं. ही शिस्त कायम पाळणं जमणार नसेल, तर मी नऊ तुकड्यांच्या वाटेला जाऊ नका असंच म्हणेन. तेच चित्र एका उभ्या पोस्टमध्ये टाका आणि वर पिन करा.

वरचा भाग: पिन, नाव, बायो

पिन तीन पोस्टना करता येते आणि त्या पहिल्या ओळीत बसतात. ही तुमची दुकानाची दर्शनी फळी आहे. बहिणीच्या पेजवर आम्ही तीन पोस्ट पिन केल्या: चार मोरांचा पदर, हातमागावर विणतानाची रील आणि ऑर्डर कशी द्यायची ते सांगणारी पोस्ट. शेवटी पिन केलेली पोस्ट सगळ्यात आधी दिसते, म्हणून जी डावीकडे हवी ती शेवटी पिन करा.

प्रोफाइलवर ठळक दिसणारं नाव शोधताना उपयोगी पडतं. तिथे नुसतं स्वतःचं नाव न लिहिता कामही लिहा, मराठीत लिहा. पण विचार करून लिहा, कारण १४ दिवसांत दोनदाच ते बदलता येतं. बायोला, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुराला, १५० अक्षरांची मर्यादा आहे आणि लांब बायो मिटून जातो, खालचा भाग बघायला बोट लावावं लागतं. गाव आणि काय मिळतं, हे पहिल्या ओळीत. कविता, सुविचार खाली. लिंक पाचपर्यंत देता येतात, पण एकापेक्षा जास्त दिल्या की पहिलीच थेट दिसते, बाकीच्या तिच्यामागे जातात. व्हॉट्सअॅपची लिंक पहिली ठेवा.

हायलाइटच्या, म्हणजे प्रोफाइलवर जपून ठेवलेल्या स्टोरींच्या, गोलांकडेही एक नजर टाका. त्यात जुन्या भावाचा तक्ता पडून असेल तर तो आधी काढा, रंगसंगतीचं नंतर बघा.

आठवड्याने पुन्हा

सगळं करून झालं की आठवडाभर हात लावू नका. प्रोफेशनल खातं असेल तर आकडेवारीत जाऊन बघा, प्रोफाइलला किती जण आले आणि त्यातल्या किती जणांनी लिंकवर बोट ठेवलं. बदलाच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा शेजारी लिहून ठेवा. मधे सणवार आला असेल तर तेही टिपून ठेवा, कारण गणपतीच्या आठवड्याची तुलना पितृपक्षाच्या आठवड्याशी करून काहीच हाती लागत नाही.

बहिणीने आता फोटो काढायची जागाच बदलली आहे. पूर्वी ती साडी पलंगावर आडवी पसरायची. आता दाराच्या चौकटीवर एक दांडी बसवून घेतली आहे, त्यावरून पदर सरळ खाली सोडते आणि फोन उभा धरते. सकाळी नऊच्या सुमारास त्या दारातून उजेड येतो, तेव्हा जर चमकते. परवा तिने अंजिरी रंगाची एक टाकली. मोर बरोब्बर मधे होते, कुठेही कापलेले नव्हते.